अलूएत ते चीता: चंडोल पक्ष्याच्या नावाचं हेलिकॉप्टर हिमालयात कसं पोहोचलं

चंडोल५५ (मूळ धागा)

नाशिक रोडच्या बाजूला किंवा कुलाब्याच्या आकाशात जी लहान हेलिकॉप्टरं दिसतात, त्या चीता आणि चेतकचा पूर्वज फ्रेंच आहे. नाव अलूएत, म्हणजे आपला चंडोल. हलक्या, सर्व कामांच्या हेलिकॉप्टरांत टर्बाइन इंजिन पहिल्यांदा खऱ्या अर्थाने रुळवलं ते यानेच. मराठीत याच्याबद्दल एकत्र फारसं लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

सुरुवात सूद-एस्त या फ्रेंच सरकारी विमान कंपनीत झाली. पहिलं यंत्र होतं एसई ३१२०, अलूएत १. ते शेतीच्या कामासाठी, फवारणीसाठी आखलेलं होतं. इंजिन साल्मसनचं ९ सिलिंडरचं पिस्टन, २०० अश्वशक्ती. १९५१ साली ते उडालं आणि २ जुलै १९५३ रोजी झां बुले या चाचणी वैमानिकाने त्यावर १३ तास ५६ मिनिटांत बंदिस्त मार्गावर १२५२ किलोमीटर कापून विक्रम केला. विक्रम मोठा होता, पण यंत्र वापरायला अवघड निघालं. अनेक सुटे भाग, सततची देखभाल, आणि इंजिन वजनाच्या मानाने अशक्त. बांधणी प्रमुख शार्ल मार्शेती आणि त्यांच्या गटाने त्यातून योग्य बोध घेतला. रोटर (फिरणाऱ्या पात्यांचा संच) आणि गिअरबॉक्सवर चांगला हात बसला होता, अडचण फक्त इंजिनाची होती.

त्याच वेळी जोझेफ शिद्लोव्स्की यांच्या तुर्बोमेका कंपनीत आर्तूस्त नावाचं लहान गॅस टर्बाइन तयार होत होतं. ते बसवून एसई ३१३०, अलूएत २ बनलं. पहिलं उड्डाण १२ मार्च १९५५, पॅरिसजवळच्या ब्यूक धावपट्टीवर, वैमानिक पुन्हा बुलेच. तीन महिन्यांच्या आत, ६ जून १९५५ रोजी, हे हेलिकॉप्टर ८२०९ मीटरवर गेलं. तो तेव्हाचा जागतिक उंचीचा विक्रम होता. १३ जून १९५८ रोजी त्याच जातीच्या यंत्राने १०,९८४ मीटर गाठले.

आकडे असे: मुख्य रोटरचा व्यास १०.२० मीटर, ३ पाती, रिकामं वजन सुमारे ८९५ किलो, जास्तीत जास्त वजन १६०० किलो, वैमानिक धरून ५ जण. समोर काचेचा फुगा, मागे उघड्या नळ्यांची जाळीदार शेपटी, आणि केबिनच्या पाठीमागे आच्छादनाशिवाय उघडं ठेवलेलं इंजिन. मेकॅनिकला शिडी न लावता, झाकण न उघडता सगळीकडे हात घालता येतो. दिसायला सांगाडा वाटतो, पण यंत्र जवळून बघणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: आर्तूस्त २ची मूळ ताकद सुमारे ५३० अश्वशक्ती होती आणि अलूएत २ मध्ये ती ३६० वर रोखली होती. गिअरबॉक्सला ३६० च्या वर सोसायचं नव्हतं. उरलेली १७० अश्वशक्ती वाया गेली असं जमिनीवर बघणाऱ्याला वाटेल. पुढच्या वीस वर्षांची सगळी कहाणी त्या राखून ठेवलेल्या ताकदीची आहे. हिशोब मांडणारे कुणी आहेत का इथे?

तिसरं_पातं

उत्तम धागा. एक दुरुस्ती आधीच नोंदवतो, कारण हे वाक्य अनेक ठिकाणी चुकीचं छापलेलं असतं. अलूएत २ हे "पहिलं टर्बाइन हेलिकॉप्टर" नाही. १० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेत कामन के-२२५ हे बोइंगच्या लहान टर्बाइनवर उडालं होतं. बेलनेही १९५४ साली आपल्या ४७ जातीच्या यंत्रात आर्तूस्तच बसवून उडवलं. पण ती सगळी प्रयोगाची यंत्रं. कारखान्यातून शेकड्यांनी बाहेर पडलेलं, प्रमाणपत्र घेऊन ग्राहकाच्या हाती गेलेलं पहिलं टर्बाइन हेलिकॉप्टर म्हणजे अलूएत २. एकूण १३०० हून जास्त बनली. "पहिलं कोण" यापेक्षा "पहिलं टिकलं कोण" हा प्रश्न इथे जास्त कामाचा.

चंडोल५५

मान्य. म्हणूनच मूळ धाग्यात "रुळवलं" लिहिलं होतं. तारखा दिल्यात ते बरं झालं.

ज्वाळा_नळी

इंजिनाबद्दल लिहितो, कारण अलूएतचा स्वभाव तिथूनच येतो.

आर्तूस्त हे एकशाफ्टी इंजिन आहे. हवा दाबणारा काँप्रेसर, ज्वाळेची नळी, टर्बाइन आणि पुढे गिअरबॉक्सकडे जाणारी ताकद, सगळं एकाच शाफ्टवर. बहुतेक आधुनिक हेलिकॉप्टरांत दोन वेगळे शाफ्ट असतात: एक वायू तयार करतो, दुसरा फक्त रोटर फिरवतो, दोघांमध्ये लोखंडी जोड नसतो. आर्तूस्तमध्ये रोटर आणि काँप्रेसर थेट दातांनी बांधलेले आहेत. चीता-चेतकच्या आर्तूस्त ३बीचा शाफ्ट मिनिटाला ३३,५०० फेऱ्या मारतो आणि मुख्य रोटर सुमारे ३५३. म्हणजे जवळजवळ ९५ ला १ अशी घट. शेपटीचा रोटर सुमारे २००० वर.

आतली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे इंधन फवारण्याची तऱ्हा. नेहमीच्या टर्बाइनमध्ये गोलाकार लावलेली बारीक तोंडाची नोझल असतात. तिथे कचरा अडकला की एक नोझल कमी फवारतं, दुसरं जास्त, आणि टर्बाइनच्या पात्यांवर एका ठिकाणी जास्त ताप पडतो. शिद्लोव्स्कींनी इंधन पोकळ शाफ्टमधून आणून शाफ्टवर बसवलेल्या छिद्रांच्या चक्रातून भिरकावलं. चक्र मिनिटाला ३३ हजारांवर फिरतंय, त्यामुळे इंधन धुक्यासारखं बारीक होऊन सगळीकडे सारखं पसरतं. पंपाला फार दाब द्यावा लागत नाही. छिद्रं तुलनेने मोठी, म्हणून सहसा तुंबत नाहीत. इंधनाच्या दर्जाबाबत हे इंजिन सोशिक आहे ते यामुळे.

तोटा एकच, पण तो महत्त्वाचा. सुरुवातीला शाफ्ट हळू फिरत असतो, तेव्हा भिरकावणं जमत नाही. म्हणून चालू करण्यासाठी वेगळे छोटे इग्नायटर-फवारे आणि वेगळा छोटा पंप लागतो. चालू होताना ऐकू येणाऱ्या आवाजांचा क्रम ओळखीचा होतो: आधी स्टार्टरचा घुमारा, मग ठिणगीची टिकटिक, मग "भप्प" असा पेट घेतल्याचा आवाज, आणि त्यानंतर चढत जाणारी शीळ.

पिचदांडा

वरच्या प्रतिसादाला जोडून सुरू करण्याचा क्रम. चीता आणि चेतक दोन्हींत तत्त्व तेच.

एकशाफ्टी इंजिन रोटरला जोडलेलं ठेवून स्टार्टरने फिरवता येणार नाही, इतका मोठा रोटर ओढायला बॅटरी कुठून आणणार? म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये केंद्रोत्सारी क्लच असतो. आत पत्र्याच्या ढोलात फिरणारे बुटासारखे भाग. वेग वाढला की ते बाहेर फेकले जातात आणि ढोलाला चिकटतात. जुन्या मोपेडच्या क्लचसारखंच, फक्त अंगाने बरंच मोठं.

कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलून वर-खाली नेणारा दांडा) पूर्ण खाली. सायक्लिक (दिशा देणारा दांडा) मध्यावर. रोटरचा ब्रेक मोकळा. इंधनाचा दांडा मागे. बॅटरी, मग टाकीतला बूस्टर पंप, दाबाचा दिवा विझला का ते बघायचं. मग स्टार्ट. आता डोळे फक्त दोन घड्याळांवर: फेरे आणि टर्बाइनचं तापमान. पेट घेतल्यावर काटा झपाट्याने चढतो; तो लाल रेषेकडे धावतोय असं दिसलं तर थांबून बघत बसायचं नाही, लगेच इंधन तोडायचं. मग इंधन न देता इंजिन काही सेकंद स्टार्टरवर कोरडं फिरवायचं, म्हणजे आत साठलेलं कच्चं इंधन आणि वाफा बाहेर पडतात. ते न करता पुन्हा स्टार्ट दिला तर साचलेलं इंधन एकदम पेटतं आणि मागच्या नळीतून ज्वाळा निघते.

इंजिन आपल्या पायावर उभं राहिलं की इंधनाचा दांडा हळूहळू पुढे. इथे क्लच चिकटायला लागतो आणि पाती फिरायला लागतात. हा टप्पा फार रेंगाळला तर क्लचचं अस्तर घासून तापतं. फार घाई केली तर टर्बाइनवर ताण येऊन तापमान चढतं. दोन्हींच्या मधला वेग हाताला कळावा लागतो.

रोटर आणि इंजिन यांचे काटे एकाच घड्याळात असतात. उड्डाणात दोन्ही काटे एकावर एक. काटे फाटले तर दोनच अर्थ: रोटर पुढे गेला असेल तर फ्रीव्हील (रोटरला इंजिनापासून मोकळं करणारा जोड) सुटलं आहे, म्हणजे ऑटोरोटेशन, इंजिनाशिवाय नुसत्या हवेवर पाती फिरणं. इंजिन पुढे असेल तर क्लच घसरतोय.

सह्यपठार

एक प्रश्न. कलेक्टिव्हवर मोटरसायकलसारखी मूठ फिरवून थ्रॉटल द्यायची जी पद्धत बेल ४७ मध्ये असते, ती इथे नाही का? आणि ताकद किती वापरतोय हे वैमानिकाला कळतं कसं?

पिचदांडा

@सह्यपठार, मूठ नाही. दांडा एकदा पुढच्या खाचेत गेला की गव्हर्नर इंजिनचे फेरे ३३,५०० च्या आसपास स्वतः पकडून ठेवतो. कलेक्टिव्ह ओढलं की पात्यांचा ताण वाढतो, गव्हर्नर इंधन वाढवतो, फेरे तेच राहतात. बेल ४७ मधून आलेल्याला पहिल्यांदा हात रिकामा वाटतो, कारण डाव्या मुठीत सतत चाललेली थ्रॉटलची करामत इथे लागतच नाही.

ताकद मोजायला टॉर्कमीटर नाही. त्याऐवजी कलेक्टिव्हचा कोन अंशांत दाखवणारं घड्याळ असतं. फेरे कायम असल्यामुळे कोन म्हणजेच ताकद, हे गणित चालतं. पण त्या दिवशीच्या तापमानाला आणि उंचीला किती अंशांपर्यंत जायचं हे आधी तक्त्यातून काढून ठेवावं लागतं. उंची वाढली की मर्यादा आधी गिअरबॉक्सची असते, मग एका टप्प्यानंतर टर्बाइनच्या तापमानाची होते. कोणती आधी गाठतोय ते ओळखून चालवणं हीच खरी कारागिरी.

मर्यादेच्या पुढे ओढत गेलं तर एकशाफ्टी इंजिन फार लवकर रुसतं. गव्हर्नर इंधन वाढवतो, तापमान चढतं, तरी ताण जास्त म्हणून फेरे पडतात. फेरे पडले की काँप्रेसर हळू, हवा कमी, ताकद आणखी कमी. मुख्य रोटरचा वेग घसरतो, त्याच प्रमाणात शेपटीचाही, म्हणून नाक भरकटतं. उपाय एकच: कलेक्टिव्ह खाली, उंची द्यावी लागली तरी. आणि म्हणूनच उंच हेलिपॅडवर उतरताना निघून जायची वाट आधी मोकळी ठेवायची.

आणखी एक, फ्रेंच रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, अमेरिकन उलटा. त्यामुळे ताकद वाढवताना इथे उजवा पाय द्यावा लागतो. बेलवरून आलेल्याचा डावा पाय आपोआप पुढे जातो, आणि ही सवय मोडायला वेळ लागतो.

घनता_उंची

मूळ धाग्यात हिशोब मागितला होता, तो मांडतो. ढोबळ आहे, पण आवाका कळेल.

लामा, म्हणजे चीताचं मूळ फ्रेंच रूप, घ्या. रोटरचा व्यास ११.०२ मीटर, म्हणजे वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ९५.४ चौरस मीटर. वजन १९५० किलो. दर चौरस मीटरवर २० किलोच्या जरा वर भार येतो. हा भार कमी आहे, आणि जागच्या जागी तरंगायला ताकद कमी लागते ती त्यामुळेच.

तरंगताना रोटरला हवा खाली ढकलावी लागते. त्यासाठी लागणारी आदर्श ताकद वजनाच्या दीड घाताला हवेच्या घनतेच्या वर्गमुळाने भागून येते. समुद्रसपाटीला १९५० किलोसाठी ती सुमारे २३० अश्वशक्ती. ५००० मीटरवर घनता सपाटीच्या ६० टक्के उरते, तेव्हा तीच ताकद ३०० च्या घरात जाते. त्यात पात्यांचं घर्षण, शेपटीचा रोटर, गिअरबॉक्सची गळती धरली तर प्रत्यक्षात ५०० च्या आसपास लागते.

आता इंजिनाची बाजू. हवा विरळ झाली की टर्बाइनची ताकदही उतरते. ५५० अश्वशक्तीचंच इंजिन बसवलं असतं तर ५००० मीटरवर त्याच्याकडे जेमतेम ३२० उरले असते. पण आर्तूस्त ३बी मूळचं ८७० चं आहे, ५५० वर रोखलेलं. ८७० उतरत उतरत सुमारे ४००० मीटरपर्यंत ५५० च्या खाली जातच नाही. ५००० वर ५०० च्या आसपास राहते. गरज ५००, हाताशी ५००. काठावर, पण जमतं.

अलूएत २च्या ५३० आणि ३६० ची जोडी नेमकी हेच करते, फक्त लहान प्रमाणात. राखलेली ताकद सपाटीला निरुपयोगी दिसते, पण डोंगरात खर्ची पडते ती तीच. मार्शेतींच्या गटाने हे पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं असं मला वाटतं. पिस्टन इंजिनात असं करायला गेलं तर जास्तीचं वजन उचलूनच थकायला होतं. टर्बाइनमध्ये ताकदीच्या मानाने वजन इतकं कमी की गरजेपेक्षा मोठं इंजिन बसवणं परवडतं.

एक इशारा: वरचे आकडे प्रमाण हवेचे, म्हणजे तक्त्यात धरलेल्या सरासरी तापमान-दाबाचे. प्रत्यक्षात दुपारचं तापमान प्रमाणापेक्षा २० अंश जास्त असेल तर घनता आणखी सातेक टक्के कमी आणि इंजिनची ताकद दहा-पंधरा टक्के कमी. दोन्ही बाजूंनी मार बसतो. म्हणून उंचावरची कामं पहाटे उरकायची असतात.

उताणी_काठी

+१. हा हिशोब वाचून आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या गोष्टीला अर्थ येतो. ३ जुलै १९५६ रोजी झां बुले आणि हेन्री पेती यांनी अलूएत २ घेऊन ४३६२ मीटरवरच्या व्हालो निवाऱ्यातून हृदयविकाराने आजारी पडलेल्या गिर्यारोहकाला खाली आणलं. पुढे डिसेंबर १९५६ च्या अखेरीस, तिथेच अडकलेल्या व्हिन्सँदों आणि ऑन्री या दोन तरुणांना सोडवायला गेलेलं मोठं सिकोर्स्की एस-५८ बर्फात कोसळलं, तेव्हा अडकलेल्या बचाव पथकाला आणि वैमानिकांना जानेवारी १९५७ मध्ये खाली आणलं ते लहान अलूएत २ नेच. ते दोघे तरुण मात्र वाचले नाहीत. एस-५८ आकाराने मोठं होतं, पण पिस्टन इंजिनचं. त्या उंचीला आकार उपयोगी पडत नाही.

ज्वाळा_नळी

बरोबर. फ्रान्समध्ये डोंगरी बचावाची सेवा हेलिकॉप्टरवर उभी राहिली, त्यात या घटनेचा वाटा मोठा मानतात.

लोखंडी_दोरी

कुणी जमिनीवरच्या कंपनाबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहितो. अलूएत घराण्याच्या तीन पात्यांच्या रोटरमध्ये हा धोका कायम असतो आणि दोन-तीन सेकंदांत यंत्र मोडतं.

प्रत्येक पातं मुळाशी तीन बिजागऱ्यांवर हलतं: वर-खाली, कोन बदलणं, आणि पुढे-मागे. पुढे-मागे हलण्यावर तेलाचे डॅम्पर असतात. शिवाय पात्यापात्यांच्या मध्ये पोलादी दोऱ्या ताणलेल्या असतात, पाती एकमेकांपासून सारख्या अंतरावर राहावीत म्हणून. रोटरच्या मध्याजवळ या दोऱ्या नीट बघितल्या तर अलूएत, चेतक, चीता सगळ्यांत दिसतील.

समजा एक डॅम्पर कमजोर झाला, किंवा उतरताना एक स्किड (चाकांऐवजी असलेला लांब दांड्यासारखा पाय) आधी टेकला. एक पातं इतरांपेक्षा मागे पडतं, तिघांचा मिळून तोल मध्यावरून सरकतो, आणि हेलिकॉप्टर आपल्या पायांवर डुलायला लागतं. पायांची स्वतःची डुलण्याची गती आणि रोटरमधून येणारा धक्का यांचा ठेका जुळला की प्रत्येक फेरीला डुलणं वाढतं. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का देत गेल्यासारखं, पण सेकंदाला अनेक वेळा.

अशा वेळी काय करायचं ते रोटरच्या वेगावर ठरतं. उड्डाणाचा पूर्ण वेग असेल तर थेट हवेत उचलायचं. जमिनीचा आधार सुटला की ठेका तुटतो. वेग कमी असेल, म्हणजे सुरू होताना किंवा बंद करताना, तर कलेक्टिव्ह खाली, इंधन तोडायचं, रोटर ब्रेक. मधल्या वेगात अर्धवट उचलायचा प्रयत्न सगळ्यात घातक.

तपासणीत डॅम्परमधून तेल झिरपतंय का, दोऱ्यांचा ताण सारखा आहे का, आणि चाकांच्या चेतकमध्ये टायरचा दाब दोन्ही बाजूंना सारखा आहे का, हे रोज बघायचं. टायरचा दाब कमी असणं म्हणजे पायांची डुलण्याची गती बदलणं. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट इथे किरकोळ नाही.

सह्यपठार

लोखंडी_दोरी, हे वाचून चेतकच्या चाकांकडे बघायची नजरच बदलली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

भारताकडे हे घराणं आलं कसं ते कुणी लिहील का?

चंडोल५५

ते मी लिहितो.

अलूएत ३ हे मोठं भावंड, २८ फेब्रुवारी १९५९ रोजी उडालेलं, बंदिस्त शेपटीचं, तीन चाकांवर उभं, सात जणांचं. १९६२ साली हिंदुस्थानच्या सरकारी विमान कारखान्याने, म्हणजे पुढे हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने, त्याचा परवाना घेतला. बंगळूरला जुळवलेलं पहिलं यंत्र ११ जून १९६५ रोजी उडालं. त्याचंच नाव चेतक.

चेतक अनेक कामांना उत्तम, पण हिमालयाच्या अतिउंच ठाण्यांसाठी त्याचं स्वतःचं वजनच आड येत होतं. १९६८ साली भारतीय सैन्याने फ्रेंचांकडे नेमकी मागणी केली: उंचीला चालेल असं हलकं यंत्र हवं. उत्तर फार साधं निघालं. अलूएत २चा हलका जाळीदार सांगाडा मजबूत करून घ्यायचा, आणि त्यावर अलूएत ३चं इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर चढवायचा. त्याचं नाव एसए ३१५, लामा. पहिलं उड्डाण १७ मार्च १९६९. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत लामाने दोघे जण आणि १२० किलो इंधन घेऊन ७५०० मीटरवर उतरून पुन्हा उड्डाण केलं. परवान्यावर भारतात बनलेलं पहिलं लामा ६ ऑक्टोबर १९७२ रोजी उडालं, नाव चीता.

रिकामं वजन सुमारे १०२१ किलो, आणि ११३५ किलोपर्यंत दोरीला टांगून उचलण्याची क्षमता. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओझं. मला या घराण्याबद्दल जो आदर वाटतो तो या एका आकड्यासाठी. नवं काही शोधून न काढता, आधीच सिद्ध झालेले भाग योग्य जागी ठेवून हे साधलं.

२१ जून १९७२ रोजी बुले यांनी हलकं केलेलं लामा १२,४४२ मीटरवर नेलं. माथ्यावर कलेक्टिव्ह कमी करताच इंजिन विझलं. इतक्या विरळ आणि थंड हवेत ते पुन्हा पेटवणं शक्य नव्हतं. तिथून थेट जमिनीपर्यंत ते ऑटोरोटेशनवर उतरले.

तिसरं_पातं

त्या ऑटोरोटेशनमध्ये एक बारकावा आहे. विरळ हवेत रोटर खूप वेगाने फिरायला बघतो, कारण पात्यांना ओढणारी हवा कमी. चीताच्या पुस्तकात ऑटोरोटेशनमध्ये रोटर मिनिटाला २७० ते ४२० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवायला सांगितलं आहे. उंचावर काटा ४२० कडे धावतो म्हणून कलेक्टिव्ह जरासं ओढून धरावं लागतं, आणि खाली दाट हवेत येता येता ते हळूहळू सोडत यावं लागतं. बाराशे नव्हे, बारा हजार मीटर हे करत आले.

घनता_उंची

आता सियाचिनचा हिशोब. १३ एप्रिल १९८४ पासून ऑपरेशन मेघदूतमध्ये चीताने जे ओझं वाहिलं ते किलोकिलोने मोजावं लागतं.

६००० मीटरच्या वरचा हेलिपॅड, हवा प्रमाणापेक्षा २० अंश उबदार. वरच्या पद्धतीने काढलं तर तरंगता येईल असं एकूण वजन सुमारे १५०० किलो येतं. त्यातून रिकामं यंत्र १०२१, दोन वैमानिक गरम कपड्यांसह १८०, रेडिओ, प्राणवायू, बर्फातली साधनं ५० च्या आसपास. इंधन तासाला दोनशे लिटरच्या आसपास जातं, म्हणून जाऊन-येऊन आणि राखीव धरून १६० ते २०० किलो. उरतं काय ते तुम्हीच बघा. इंजिन जुनं असेल, वारा उलटा असेल, तर ते उरलेलंही अर्धं होतं. कधी फेरीला रॉकेलचा एकच जेरीकॅन जातो तो या कारणाने. टाकी ५७५ लिटरची आहे, पण वर जाताना ती पूर्ण भरणं म्हणजे सामान जमिनीवर ठेवणं.

माल उतरवताना इंजिन बंद करत नाहीत. थंडीत बॅटरी अशक्त होते, आणि विझलेलं आर्तूस्त तिथे पुन्हा पेट घेईल याची खात्री नसते. इंधनात पाणी गोठू नये म्हणून बर्फरोधक मिसळावं लागतं, आणि टाकीच्या तळाचं पाणी खालच्या तळावरच काढून टाकायचं.

लोखंडी_दोरी

डोंगरापेक्षा उलटा त्रास किनाऱ्यावर. नौदलाचे चेतक कुलाब्याच्या आयएनएस शिक्रावर आणि गोव्यात आयएनएस हंसावर खाऱ्या हवेत उडतात. मीठ काँप्रेसरच्या पात्यांवर साचतं, हवेचा प्रवाह बिघडतो, आणि तेवढीच ताकद द्यायला टर्बाइनचं तापमान चढतं. त्यासाठी समुद्रावरच्या उड्डाणानंतर काँप्रेसर गोड्या पाण्याने धुवायचा: इंधन बंद, इंजिन स्टार्टरवर फिरत असताना तोंडातून पाणी, आणि मग कोरडं होईपर्यंत फिरवणं. दिवसेंदिवस त्याच कामाला तापमान थोडं थोडं वाढतंय हे नोंदवहीत दिसलं तर आधी मीठ, मग गळती, मग टर्बाइन, असा शोध घ्यायचा. रोटरच्या मध्यावर ग्रीस भरायच्या जागा पुष्कळ आहेत. नवं ग्रीस जुनं बाहेर ढकलेपर्यंत भरायचं, आणि बाहेर आलेलं बोटावर घेऊन त्यात चमचमती धातूची भुकटी नाही ना ते बघायचं. भुकटी दिसली तर बेअरिंग उघडल्याशिवाय यंत्र उडवायचं नाही.

सह्यपठार

आता शेवटचा प्रश्न. नाशिकला लष्कराच्या हवाई प्रशिक्षण शाळेत चीता आणि चेतक दोन्ही उडतात. खालून पटकन ओळखायचं कसं?

ज्वाळा_नळी

शेपटी बघा. पलीकडचं आकाश आरपार दिसत असेल, म्हणजे नुसत्या नळ्यांची जाळी असेल, तर चीता. पत्र्याने झाकलेली भरीव शेपटी असेल तर चेतक. पाय बघा: स्किड असतील तर चीता, तीन चाकं असतील तर चेतक. पात्यांच्या संख्येवर जाऊ नका, दोघांचा मुख्य रोटर एकच आहे. आवाजानेही कळणार नाही, कारण इंजिन दोघांचं एकच, निदान ज्यांत अजून आर्तूस्त आहे त्यांत. नव्या टीएम३३३ इंजिनाचा चीता, ज्याला चीतल म्हणतात, त्याची शीळ वेगळी आहे.

तिसरं_पातं

आणि शेपटीच्या रोटरला दोन पाती मोजलीत तर ते चीता नाही. तो मूळचा अलूएत २. आता सहसा आकाशात नाही, एखाद्या संग्रहालयातच दिसेल.